मागचा ढोल

रामजी मास्तर नुसती काठी हलवायचे, असं म्हणणारी माणसं आमच्या गावात अजून आहेत. काठी तर गुराखीसुद्धा हलवतो, म्हणतात. पूर्वी अशा माणसाला मी तिथल्या तिथे सोलून काढायचे. माझं तोंड कसं आहे ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. नवरा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, तो दोन-दोन दिवस घरी येत नाही ते कामामुळे नव्हे तर माझ्या तोंडामुळे, असं माझी जाऊच सांगत फिरते. पण त्या रविवारनंतर हळूहळू मी भांडायचं सोडलं. झालं ते सांगते. त्यात माझा वाटा किती तेही सांगते. एका बाईशिवाय ते आजवर मी कोणापाशी बोललेले नाही.

मास्तर मुंबईत एका सरकारी बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून रिटायर झाले आणि गावच्या बौद्धवाडीत परत आले. बरोबर बायको सोनूबाई आणि कागदांनी भरलेल्या दोन पत्र्याच्या पेट्या. गप्प बसतील तर ते मास्तर कसले. उरण-पेणच्या लग्नांत ट्रंपेट आणि सॅक्सोफोन फुंकणारी पोरं त्यांनी हेरली, शाळेत व्हायोलिन शिकवणाऱ्या बाया गोळा केल्या, आणि एकतीस जणांचा वाद्यवृंद उभा केला. कागदावर लिहिलेलं बघून वाजवायचं, तेही खुर्चीवर ताठ बसून. मी नवरात्रात ढोल वाजवत होते, तिथे त्यांनी मला पाहिलं. आमच्या आगऱ्यांत बाईने ढोल गळ्यात घालणं म्हणजे लोकांच्या तोंडी विषयच. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, हिच्या हाताला काळ कळतो. मग मला दोन मोठाले तांब्याचे ढोल दिले, पोटाला गोल आणि तोंडाला कातडं. टिंपनी त्यांचं नाव. गावाने त्यांना हंडेच म्हटलं, आणि मला हंडेवाली.

आता त्यांची कला काय, ते सांगते. नारळाच्या झावळीचा एक हीर सोलून त्यांनी त्याची काठी केली होती. इतकी हलकी, की वाऱ्याने उडावी. तो उजवा हात आम्हाला चालवायचा. पण खरी जादू डाव्या हातात होती. कोणी चुकलं तर मास्तर त्याच्याकडे कधीच बघायचे नाहीत. त्याच्या शेजारच्याकडे बघायचे, आणि तो शेजारचा आपोआप थोडा पुढे येऊन चूक झाकून टाकायचा. ऐकणाऱ्याला पत्ता लागायचा नाही, आणि चुकणाऱ्याची लाज राहायची. अल्पेश म्हणून आमचा एक पोरगा, लग्नांत ताशा वाजवून वाजवून नुसता दांडगट झालेला. त्याला मास्तरांनी साधा ड्रम इतका हळू वाजवायला शिकवलं की शेजारी व्हायोलिनवर बोट फिरलेलं ऐकू यायचं. कधी आवाज चढवला नाही. हे सगळं करून बाहेर नाव काय, तर ब्याँडवाला.

त्यांचे नियम दोन. पहिला, सुरू करण्याआधी हात वर धरून मनात सात आकडे मोजायचे, आणि तोवर कोणी पापणीही हलवायची नाही. आधी खोली ऐकायची, मग तिच्यात वाजवायचं, असं ते म्हणायचे. दुसरा, त्यांचा हात खाली आल्याशिवाय कोणी थांबायचं नाही, आभाळ कोसळलं तरी. आणि एक गोष्ट मोडून काढायला त्यांनी नऊ वर्षं घालवली. आमची पोरं वरातीची. उभं राहिलं की चालायला लागणार, आणि ती चालली की लोक मागून चालणार. आमच्या किनाऱ्याला हे रक्तातच आहे. बाजा चालला की माणूस चालतो, ढोल थांबला की अख्खी वरात जागच्या जागी थांबते आणि मागे वळून बघते. म्हणून मोठ्या वरातीला दोन ढोल लागतात, एक पुढे आणि एक शेपटाला. पुढचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत नाही ना. मास्तर पोरांना खुर्चीत दाबून बसवायचे आणि सांगायचे, आपण वरात नाही.

तालीम धनेशशेटच्या जुन्या मिठाच्या गोदामात चालायची. धनेशशेटचा बाप आमच्या बापाबरोबर मिठागरात राबलेला, पण मुलाने कंटेनरच्या धंद्यात नशीब काढलं. गोदाम खाडीच्या बांधाला लागून, बांधापेक्षा पुरुषभर खाली. पलीकडे खाडी, अलीकडे ओसाड पडलेले मिठागराचे चौकोन. गोदामातून टेकडीवरच्या शाळेपर्यंत एकच वाट, जुन्या आतल्या बांधावरून, बैलगाडी जेमतेम जाईल एवढी. दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि गुडघाभर चिखल.

श्रावणातल्या अमावास्येला, दुपारच्या तालमीत मास्तरांनी हात वर केला, आम्ही गप्प झालो, आणि माझ्या डाव्या ढोलाचं कातडं आपोआप थरथरलं. मी हात लावला नव्हता. मास्तरांनी विचारलं, पाय आपटलास का. मी म्हटलं, नाही हो. त्यांनी हात खाली केला आणि गुडघ्यावर बसून जमिनीला कान लावला. पोरं हसली. मास्तर म्हणाले, खालून कोणीतरी गुणगुणतंय.

मग ते उधाणाच्या दिवशी मुद्दाम लवकर येऊन बसू लागले. बांधात जिथे पाणी सोडायची जुनी उघाडी आहे, लाकडी झडपेची, तिथून तो सूर यायचा. भरती पुरी झाली की यायचा, ओहोटी लागली की जायचा. मास्तरांनी वही केली. एका बाजूला तिथी, दुसऱ्या बाजूला सूर. गणपतीच्या आधी जो सूर होता तो पितृपंधरवड्यात दोन स्वर उतरला. मला त्यांनी समजावलं, लहान मडक्यावर टिचकी मारली तर आवाज उंच, मोठ्या मडक्यावर मारली तर खालचा. बांधाच्या पोटात पोकळी आहे आणि ती मोठी होते आहे. मी चार लोकांना सांगितलं, कोणी हललं नाही. आमचे बापजादे दर वर्षी आपल्या हातांनी चिखल थापून तो बांध राखायचे, ते ज्या वर्षी मिठागरं बंद पडली त्या वर्षी सुटलं. आता बांध सरकारचा, म्हणजे कोणाचाच नाही.

मास्तर वही घेऊन अलिबागला एका ऑफिसात जाऊन आले. तिथल्या साहेबाने विचारलं, तडा कुठे आहे, फोटो दाखवा. मास्तर म्हणाले, तडा नाही, सूर आहे. साहेब हसून म्हणाला, तुम्ही सूर बघा, पाणी आम्ही बघतो. परत आल्यावर मास्तर हे आम्हाला हसतच सांगत होते. सोनूबाई मात्र हसली नाही. तिने ती वही पदराखाली धरून ठेवली.

आणि नेमका त्याच वेळी धनेशशेट कार्यक्रम घेऊन आला. मोठा पाहुणा येणार, चारशे खुर्च्या, गोदामाला रंग. कार्यक्रम चांगला झाला तर गोदाम कायमचं वाद्यवृंदाला. तारीख रविवार, अश्विन पौर्णिमेनंतरची द्वितीया. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दीड वाजता वर्षातलं मोठं उधाण, आणि त्या बांधाखाली चारशे माणसं. मास्तर धनेशशेटला म्हणाले, आठ दिवस पुढे ढकला. धनेशशेट म्हणाला, पाहुण्याची तारीख एकदाच मिळते. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मी डीजे लावतो.

इथे मास्तर चुकले. मी त्यांची भक्त असले तरी खोटं बोलणार नाही. त्यांनी स्वतः रचलेला एक मोठा तुकडा होता, 'आगर' नावाचा. वीस वर्षं पेटीत पडून होता. आधी नुसती व्हायोलिनं, मिठागरात पाणी सोडावं तशी, मग उन्हाचा तो लांबलचक सूर, आणि शेवटी सगळे थांबायचे नि फक्त माझे आठ ठोके. आठव्याला त्यांचा हात खाली. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला आपलं रचलेलं एकदा, फक्त एकदा, बसलेल्या लोकांपुढे ऐकायचं होतं. त्यांनी हिशोब मांडला की अकराला सुरू, सव्वाबाराला संपलं, पाणी चढायच्या आत लोक घरी. मला म्हणाले, जयमाला, तुझं कातडं माझ्या कानाच्या आधी बोलतं. बोललं की मला मान हलवून सांग, मी तिथेच थांबवीन.

रविवारी अकराला चारशे माणसं बसली होती. पाहुण्याचा पत्ता नव्हता. साडेअकरा झाले, बारा झाले. सोनूबाई पहिल्या रांगेत कडेला, भिंतीला टेकून, नव्या निळ्या साडीत. बारा वाजून गेले आणि डाव्या ढोलाचं कातडं थरथरायला लागलं. आधी उन्हातल्या माशीच्या पंखासारखं, मग डोळ्यांना दिसेल इतकं. मास्तरांनी समोरून माझ्याकडे पाहून भुवई उडवली.

ढोल बंद ठेवायचा असला की कातड्यावर टाकायला माझ्याकडे एक काळं फडकं असतं. मी ते घडी करून कातड्यावर ठेवलं. थरथर बसली. आणि मास्तरांकडे बघून मी मान हलवली, नाही म्हणून.

का? कारण मास्तरांनी त्या दिवशी इस्त्रीचा काळा कोट घातला होता. कारण पाहुणा आता येईल, तासाभरात सगळं उरकेल, आणि हा बांध माझ्या आज्याने थापलाय, तो एक दिवस धरेल, असं मला वाटलं. कारण त्यांचं ते 'आगर' मलाही ऐकायचं होतं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला एकदाच काय ते बोलायचं होतं, आणि तेव्हाच मी गप्प बसले.

पाहुणा साडेबाराला आला. शाल, नारळ, भाषणं. पहिले दोन तुकडे वाजवून झाले, टाळ्या बऱ्या पडल्या. परत एक सत्कार. सव्वा वाजता मास्तर 'आगर'साठी उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला.

एक, दोन, तीन. पंखे बंद होते. चारशे माणसं गप्प होती. सहा, सात. हात खाली आला नाही. मी दहापर्यंत मोजलं. मागे कोणीतरी खोकलं. मास्तरांचा चेहरा माझ्या समोर होता, आणि त्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी एकदा माझ्या फडक्याकडे पाहिलं, आणि मग लगेच मागे वळून लोकांकडे. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, आणि बाहेर जायला बांधावरची ती एकच वाट. ओरडलं असतं तर त्या चिंचोळ्या वाटेवर अर्धी माणसं एकमेकांच्या पायांखाली गेली असती. हे मला नंतर कळलं. त्यांना त्या तीन आकड्यांत कळलं.

ते परत आमच्याकडे वळले. डावा हात तळव्याने वर उचलला, म्हणजे उभे राहा. एकतीस जण उभे राहिले. मग दबक्या आवाजात म्हणाले, "वरात. शाळेपर्यंत. मागे बघायचं नाही."

नऊ वर्षं जे दाबून ठेवलं होतं ते त्यांनी एका हाताने मोकळं सोडलं. अल्पेशने ड्रम गळ्यात टाकला आणि लग्नाचा ठेका धरला. ट्रंपेटवाल्यांनी तो उचलला. मास्तर हिराच्या काठीने त्यांना मधल्या वाटेने दाराकडे काढत होते. एकेकाला डोळ्याने उचलत होते, आणि पळायला बघणाऱ्याला डाव्या हाताने आवरत होते. चाल ना पळायची, ना रेंगाळायची. लोक आधी चकित झाले, मग हसले, मग उठले. पोरं नाचायला लागली. पाहुण्यालाही कोणीतरी हाताला धरून ओढलं. धनेशशेट लालबुंद होऊन मास्तरांच्या अंगावर आला, की ब्याँडवाला तो ब्याँडवालाच राहिलास शेवटी. मास्तरांनी त्यालाही हसून वाट दाखवली. तोही गर्दीबरोबर बाहेर पडला.

मी मागे राहून उजव्या ढोलावर तोच ठेका देत होते. माझे हंडे उचलण्यासारखे नाहीत. शेपूट चालतं ठेवायचं तर कोणीतरी तिथेच थांबून वाजवायला हवं होतं, आणि ती मीच, असं मी धरून चालले होते. गोदाम तीन हिस्से रिकामं झालं तेव्हा मास्तर माझ्याजवळ आले.

"काठ्या दे," म्हणाले. "सोनूला धर. तिच्या गुडघ्यांना ती चढण जमायची नाही."

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही चला, मी वाजवते. तुमच्यापेक्षा मी जोरात पळीन. त्यांनी माझ्या हातातून काठ्या काढून घेतल्या. एक ठोकाही चुकला नाही, माझा शेवटचा आणि त्यांचा पहिला. मग एका हाताने वाजवत त्यांनी डाव्या ढोलावरचं फडकं उचललं. कातडं उकळत्या पाण्यावरच्या झाकणासारखं उडत होतं. ते फडकं त्यांनी आपल्या हिराच्या काठीभोवती गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. रागाचा एक शब्द नाही. डावा हात पुढे करून वाट दाखवली, व्हायोलिनला आत घ्यायचे तशी.

मी गेले. त्यांचा हात सांगेल ते करायचं, एवढंच नऊ वर्षं शिकले होते.

सोनूबाईला मी जवळजवळ पाठुंगळीच घेतली. वाटेवर माणसंच माणसं, एका लयीत. डावीकडचं पाणी वाटेच्या कडेला लागलं होतं. पुढे अल्पेश, मागे ढोल, आणि मधे कोणी थांबत नव्हतं. कोणाला भीती वाटत नव्हती. मला एकटीला वाटत होती. चढ लागला. सोनूबाई माझ्या मानेपाशी धापा टाकत होती. आम्ही शाळेच्या पायरीशी पोचलो तेव्हा तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"तू हतं हायस," ती म्हणाली. "मंग खाली कोन वाजवतंय?"

तिला उत्तर लागलंच नाही. चाळीस वर्षांचा संसार, तिला त्या हातांचा ठोका ओळखू आला होता.

शेपटाची शेवटची म्हातारी पायरीला लागली आणि खालचा ठेका बदलला. त्यांना तिथून दिसत होतं, दार टेकडीच्या समोर आहे. वरातीचा ठेका थांबला, आणि मग एक ठोका आला. सावकाश. मग दुसरा. मी ओळखले. ते 'आगर'चे शेवटचे ठोके होते, माझे. तिसरा. बांध फुटल्याचा आवाज म्हणाल तर फार मोठा नसतो, ओलं धोतर फाडावं तसा. चौथा, पाचवा. उघाडीच्या बाजूने मातकट पाणी गोदामाच्या मागच्या भिंतीवर चढलं. सहावा. पोरं अजून नाचत होती. सातवा.

आठवा आला नाही.

ढोल थांबला, आणि चारशे माणसं जागच्या जागी थांबली आणि मागे वळून बघायला लागली.

पेपरात चार ओळी आल्या. बांधाला खांड पडून गोदाम कोसळलं, वाद्ये वाचवण्याच्या नादात मागे राहिलेल्या बँड मास्तराचा मृत्यू. धनेशशेट सगळीकडे सांगतो की देवाची कृपा, पोरांना ऐन वेळी नाचायची हुक्की आली. पोरांना! मी सुरुवातीला ओरडून ओरडून सांगितलं, की त्यांनी ऐकलं होतं हो, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. लोक मान हलवतात आणि म्हणतात, असेल. सूर ऐकून कोणाचा जीव वाचतो यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ते जेव्हा उत्तम काम करायचे तेव्हाही ते कोणाला दिसायचं नाही. चूक दिसायची नाही, एवढंच दिसायचं.

महिन्यानंतर मी ते फडकं घेऊन सोनूबाईकडे गेले. हिराची काठी तिला आधीच दिली होती. फडकं तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, मी मान हलवली, नाही म्हणाले. मला वाटलं ती मला उंबऱ्याबाहेर काढेल. काढावं, असंच मला वाटत होतं.

तिने फडकं उचललं, गुडघ्यावर ठेवून त्यावरून हात फिरवला.

"मी भिंतीला टेकून बसले होते," ती म्हणाली. "बारापासून ती भिंत माज्या पाठीत गुनगुनत होती. त्यांनी माज्याकडं पन बघितलं होतं, जयमाला. मी पन न्हायच म्हनले."